चिखलात रुतलेला मुखवटेवाला

प्रिय विघ्नू,

नोकरीसाठी मस्कतला जाताना तू मला एकच काम सांगितलंस. त्या काळोख्या शहरातल्या मुखवटेवाल्याचं कार्टून तिकडे लागणार नाही, म्हणून ते मी बघायचं आणि रविवारी फोनवर तुला गोष्ट सांगायची. आई गेल्यावर आपण दोघं तेच बघत जेवायचो. सगळ्यांना वाचवून तो एकटाच रिकाम्या घरी परतायचा, ते तुला मुळीच आवडायचं नाही. हल्ली शाळेत शिकवून मी तशीच परतते.

खरं सांगू? दिवाळीपासून नायगावात ते लागतच नाही. केबलवाल्याने चॅनेलच बंद केलं. तेव्हापासून भाजी निवडता निवडता गोष्टी मीच रचते. गोष्ट संपली की तू फोन ठेवशील, म्हणून लांबवतेही. मागच्या खेपेला तर त्याला आपल्या खाडीच्या चिखलात रुतवून ठेवला.

इथपर्यंत शनिवारी लिहिलं होतं. काल तुझा फोन आला, तेव्हा मागे टीव्ही चालू होता. सुरुवातीची ती धून मी झोपेतही ओळखेन. म्हणजे तुझ्याकडे ते लागतं! तरी तू आवाज बारीक केलास आणि विचारलंस, "ताई, निघाला का गं तो चिखलातून?"

"पुढच्या रविवारी सांगते," म्हटलं.

हे पत्र आता टाकत नाही. त्याला अजून बाहेर काढायचाय.

तुझीच,
ताई