गिधाडांची कार्डं

बाबा, आज माझं डोकं पुन्हा तापलं आहे आणि ऐकून घ्यायला तुम्ही नाही. सकाळी आपल्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरचा फोन आला. "मॅडम, आपके ज़माने का गिद्धों का कोई रिकॉर्ड मिलेगा क्या?" मी नाही म्हटलं. फोन ठेवला आणि तुम्हाला लिहायला हा कागद ओढला. रिकॉर्ड होतं की! तुमच्या हातचं होतं.

जखमी रानजनावरांच्या त्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर. सेक्टर दहामधले स्टील प्लांटवाले शेजारी तुम्हाला 'पाखरांचा डॉक्टर' म्हणून हसायचे. तारेत अडकलेलं घुबड असो की रसमड़ाच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलेला कोल्हा, प्रत्येकाचं तुम्ही कार्ड करायचात. कुठे सापडलं, कोणी आणलं, काय दिलं, पुढे काय झालं. मग गिधाडं यायला लागली. मला अजून दिसतं: तुम्ही उकिडवे बसला आहात, समोर गिधाड, त्याची मान खाली लोंबते आहे आणि तुम्ही एकेक पंख उचलून जखम शोधता आहात. जखम नाहीच. सकाळपर्यंत ते मेलेलं. एक तुम्ही उघडून पाहिलं, तर आत काळजावर चुन्यासारखा पांढरा थर. तेही कार्डावर लिहिलं. पुढच्या आठवड्यात दुसरं आलं, मग तिसरं, आणि प्रत्येक कार्डावर तेच.

त्याच वर्षी दवाखान्यात कॉम्प्युटर आला. मी दुर्गला कोर्स केलेला, म्हणून मला कच्च्या, हंगामी नोकरीवर कार्डं भरायला बसवलं. साहेबांनी कारणं तीनच ठेवली: अपघात, आजार, इतर. आणि आल्यापासून दिवसभरात मेलेलं जनावर भरायचंच नाही. तुम्ही हात पुसत त्यांच्या खोलीत गेलात. "साहेब, मेलं म्हणूनच तर लिहायचं असते." ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "आते ही मर गया, वो पेशंट कहाँ हुआ? ऊपर रिपोर्ट जाती है. आप दवाई घोलिए, डेटा हम देख लेंगे." जन्मभर चोची आणि नखं सहन केलेल्या माणसाला हे बोलणं! आणि तुम्ही मान खाली घालून बाहेर आलात, याचाही मला तेव्हा राग आला होता.

तुमचा राग घरी निघाला. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही ताटावर बसला आहात, घास तसाच हातात.

"कावून गाळलं तू त्यायले?"

"बाबा, मशीनमध्ये जागाच नाही."

"एवढ्या मोठ्या मशीनमंदी एका ओळीची जागा नाही? मंग कायले आणलं ते?"

ताट सारून तुम्ही उठलात. त्यानंतर तुम्ही मला कधीच काही विचारलं नाही. तुम्ही रिटायर झालात तशी साहेबांनी 'सब कम्प्यूटर में है' म्हणत कार्डं रद्दीत घातली. बाबा, संताप होतो. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी पेपरात वाचलं, गुरांना दुखण्यावर दिलेलं औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. आत सापडायचा तो पांढरा थर त्याचाच. तोवर आपल्याकडचं आभाळ रिकामं झालं होतं. तुमच्या कार्डांनी एक गिधाड वाचलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण कोणीतरी वेळेवर विचारलं तर असतं, हे असं का होतं आहे? साहेब मात्र सत्काराची शाल घेऊन रिटायर झाले.

हे सगळं त्या डॉक्टरला सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. हा कागदही मी कुठे ठेवणार नाही, फाडूनच टाकीन. बाबा, मशीनमध्ये जागा होती. प्रत्येक नोंदीखाली शेऱ्यासाठी दोन मोकळ्या ओळी होत्या, आणि त्या साहेब कधी उघडून बघत नव्हते. तरी मी त्या कोऱ्या सोडल्या. मला नोकरीत कायम व्हायचं होतं.