सूर्यभानचं नाक

१८ ऑगस्ट, सोमवार

शेठने आज पुन्हा माझं नाक चारचौघांत मिरवलं! नागापूरच्या गोडाऊनवर दोन नवे शेवंतीवाले शेतकरी आले होते. आसाराम शेठ त्यांना म्हणाला, "माल बिनघोर द्या. आमचा सूर्यभान नुसत्या वासावर सांगतो, फूल तापलंय का न्हाई. असलं नाक जिल्ह्यात न्हाई!" दोघं चहा प्यायचं सोडून माझ्या नाकाकडे बघत बसले. मीही नंदीबैलासारखी मान डोलावली.

फूल गोणीत कोंडलं की तापतं. आधी आंबूस वास येतो, मग वाफ, मग लगदा. वास आला की तिथंच गाडी थांबवायची, ताडपत्री सोडायची, मालाला वारं द्यायचं. सगळी ड्रायव्हरकी तेवढ्यात. मला तो वास केबिनमध्ये बसल्या बसल्या यायचा.

यायचा! २०२१ साली कोरोना झाला. मी उठलो, नाक काही उठलं नाही. डॉक्टर म्हणाला, येईल महिनाभरात. चार वर्षं झाली. घाटात अडकलं असेल कुठंतरी.

कुणाला माहीत नाही. सविताला पण नाही. बायकोला सांगितलं तर ती काळजी करणार, शेठला सांगितलं तर गाडी जाणार. म्हणून खताच्या दुकानदाराने फुकट दिलेल्या या डायरीला सांगतो. हिलाही नाक नाही, मलाही नाही. जमेल आमचं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

वांग्याची भाजी पार करपली होती म्हणे. मी दोनदा मागून घेतली, वर "झकास!" म्हणालो. सविता बघतच राहिली.

गजऱ्याचं बरं असतं. तिने माळला की "काय वास सुटलाय!" म्हणायचं, झालं. फुलाला वास असणारच. त्यात काय चुकायचंय!

२५ ऑगस्ट, सोमवार

गणपतीचा माल. माझ्या गाडीत झेंडूच्या गोण्या, वर शेवंतीचे क्रेट. मागे बिभीषणची गाडी. शेठच्या दोन्ही गाड्या बरोबरच निघतात, कल्याणपर्यंत.

हा बिभीषण सविताच्या गावचा, काष्टीचा. गावची लेक म्हणजे बहीण, आणि बहिणीचा नवरा म्हणजे मी. म्हणून "दाजी, दाजी" करत असतो. दाजी म्हणायला काही लागत नाही!

आळेफाट्याला चहाला थांबलो, की हा चहा टाकून माझ्या गाडीला प्रदक्षिणा घालतो. शनीला घालतात तशी. ताडपत्रीला तोंड लावतो, फटीत नाक घालतो. मग मोठ्या अदबीने — "दाजी, मागची बाजू जरा सैल करू का?"

मी म्हणालो, "कर की. तुझ्या बापाचीच गाडी हाय."

हसला. सैल केली. वर्ष होत आलं, प्रत्येक खेपेला हेच. माझ्या गाडीतल्या खोडी काढून शेठच्या कानावर घालायच्या असतील, दुसरं काय! याच्यावर नजर ठेवायला पाहिजे.

माझी स्वतःची तपासणी वेगळी. गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि ऊब बघायची. लोकांना वाटतं सूर्यभान फुलांना आशीर्वाद देतोय. पण मधल्या गोण्यांपर्यंत हात पोचत नाही, आणि माल तापतो तो मधूनच. तेव्हा त्या गोण्या देवाच्या हवाली.

२ सप्टेंबर, मंगळवार

बातमी! शेठ कूलिंगची गाडी घेतोय. पाठीमागे बंद डबा, आत फ्रीजसारखी थंडी. आणि स्टिअरिंगजवळ काटा — आत किती थंडी आहे ते आकड्यात दिसणार! वास घ्यायची गरजच नाही. आकडा वाचता आला म्हणजे झालं.

ही गाडी मला मिळाली तर मी सुटलो. चार वर्षांची धाकधूक एका काट्यात संपली! बावीस वर्षांची नोकरी माझी. मागायचा पहिला हक्क माझा. मागितली.

शेठ हसायला लागला. "सूर्यभान, येडा का काय तू? काटा बघायला नाक कशाला लागतंय? तिथं बिभीषण बसंल. तुझं नाक ताडपत्रीच्या गाडीवरच पायजे."

बाकीचे पण लागले माना हलवायला. "व्हय व्हय, सूर्यभानच्या नाकाची माती कशाला करता!"

घ्या! नाक नाही म्हणून जी गाडी पाहिजे, ती नाक आहे म्हणून मिळत नाही. स्वतःच्या हाताने इतकं सुंदर नाव कमावलंय मी.

३ सप्टेंबर, बुधवार

खरं सांगून टाकावं का? मग गोरक्षनाथ ड्रायव्हर आठवला. चष्म्याचा नंबर लपवला म्हणून शेठने मागच्या उन्हाळ्यात त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. वर म्हणाला, "आंधळं चालंल, पन खोटं चालनार न्हाई."

आंधळा ड्रायव्हर चालेल! धन्य आहे. गोरक्षनाथ आता एमआयडीसीत गेटवर बसतो, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. चष्मा लावून.

नाही सांगत.

२० सप्टेंबर, शनिवार

आज माझी अब्रू बोंबलाने घालवली.

काल कल्याणहून परतीचं भाडं मिळालं, सुक्या बोंबलाचं. फुलांच्या गाडीत कुणी बोंबील भरत नाही. हे मला शिकाऊ असल्यापासून माहीत आहे. पण रिकामी आणण्यापेक्षा बरं म्हणून घेतलं, आणि आल्यावर दोन पाइप पाणी मारलं. लादी चकाचक दिसली. दिसली म्हणजे झाली, असा माझा हिशोब!

सकाळी अकोळनेरला घटस्थापनेचा माल भरायला गेलो. बायडाबाईच्या मळ्यात. सत्तरीची म्हातारी आहे, पण क्रेट स्वतः रचून घेते, दुसऱ्यावर विश्वास नाही. गाडीत चढली आणि पदर नाकाला लावून तशीच खाली उतरली.

"आगं बया! सूर्यभान, औंदा देवीला बोंबील वाहायचा का रं? का माझ्या गुलछडीचं कालवन करायचंय?"

तोडायला आलेल्या बाया खो-खो हसायला लागल्या. जिल्ह्यातल्या एकमेव नाकाला बोंबलाचा वास येईना!

तेवढ्यात मागून बिभीषण आला. "मावशी, चूक माझी. दाजींनी काल धा येळा सांगितलं, गाडी साबनानं धू म्हणून. मीच इसरलो."

सपशेल खोटं! मी काही सांगितलं नव्हतं आणि त्याचा काही संबंधही नव्हता. बायडाबाईने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि बेसन, लिंबू, साबण घेऊन दोन तास गाडी घासली. शेवटी म्हातारीने बाळंतिणीच्या खोलीला दाखवतात तसा गाडीला ऊद दाखवला, मगच गुलछडी चढली.

हा का खोटं बोलला? फुकट कुणी शिव्या खात नाही. म्हणजे याला कळलंय. आता हे व्याजासकट वसूल करणार, आणि ते पण कूलिंगच्या गाडीच्या वेळी. गोड माणसाचीच भीती जास्त.

२१ सप्टेंबर, रविवार

सविता म्हणाली, "बिभीषणला एकदा जेवायला बोलवा की." मी म्हणालो, "बोंबील करतेस का?" ती हसली नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

दसऱ्याचा माल पोचला. कसा पोचला ते लिहितो.

काल दुपारी माळशेजच्या घाटात गाड्या अडकल्या. पुढे दरड आली होती. वरून पाऊस. माझ्या गाडीत फक्त झेंडू, तोही सकाळच्या पावसात भिजलेला. आणि ताडपत्री चारी बाजूंनी आवळलेली. एक तास झाला. दीड झाला. मी उतरून कडेच्या गोणीत हात घातला. गार! म्हटलं झोपावं जरा.

आरशात बघतो तर बिभीषण पावसात चालत येतोय. त्याची गाडी पाच गाड्या मागे. आला, गाडीजवळ थबकला, आणि मला न विचारता सरळ दोऱ्या सोडायला लागला!

माझं डोकं सटकलं. खाली उतरलो आणि त्याची कॉलर धरली. भर घाटात, सगळ्या ड्रायव्हरांसमोर. "माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई! चहाडखोर साला! शेठला काय सांगायचं ते सांग जा!"

त्याने माझा हात सोडवला पण नाही. तशीच कॉलर धरलेली असताना म्हणाला, "दाजी, मारा पायजे तर. पन आदी ताडपत्री सोडा. आतला माल शिजतोय."

सोडली. भक्कन वाफ आली. चहाच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी. मधल्या अकरा गोण्या हाताला चटका बसेल इतक्या तापल्या होत्या. दोघांनी मिळून त्या बाहेर ओढल्या, फोडल्या, लगदा दरीत फेकला. उरलेल्या उभ्या करून मध्ये वाट केली, वारं खेळवलं. अजून अर्धा तास गेला असता तर सगळी गाडी गेली असती, आणि तिच्याबरोबर मी.

आभार? मानले नाहीत.

आणि पुढची मजा ऐका! आज गोडाऊनवर शेठने विचारलं तर बिभीषण काय म्हणाला? "दाजींनाच पयला वास आला, शेठ. मी नुसतं दोऱ्या सोडाय लागलो."

शेठने माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा! घाटात, पावसात, दीड तासानं! याला म्हणत्यात नाक!"

आता तर हे नाक चौकात बसवून त्याला हार घालतील. आणि मी ताडपत्रीखाली मरणार. बिभीषणने मला वाचवलं का पुरलं, तेच कळत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बस्स. उद्या शेठला खरं सांगतो. अकरा गोण्यांवर निभावलं, पुढच्या वेळी निभावणार नाही. दुसऱ्यांची चार महिन्यांची मेहनत असते त्या गोण्यांत. बायडाबाई भर उन्हात झाडाला पाणी घालते, आणि मी तिच्या मालाशी चार वर्षं जुगार खेळतोय. लाज वाटते. खरंच वाटते.

४ ऑक्टोबर, शनिवार

नाही सांगितलं. शेठला सर्दी झाली होती. म्हणाला, "दोन दिवस कसलाच वास येईना, सूर्यभान. मानूस मेल्यागत व्हतंय." मी म्हणालो, "आलं घालून चहा घ्या."

२२ ऑक्टोबर, पाडवा

कूलिंगची गाडी आली! पांढरीशुभ्र. शेठने नारळ फोडला, हार घातला, आणि सगळ्यांसमोर किल्ली बिभीषणपुढे धरली.

बिभीषणने हात मागे घेतले. "न्हाई जमनार, शेठ. मला गारठा बादतो. सांधं धरत्यात."

अरे गाढवा! गारठा मागच्या डब्यात असतो, ड्रायव्हरच्या मांडीवर नाही! बारावी शिकलेला माणूस. एवढं कळू नये? शेठने लाख समजावलं. हा आपला गुडघे दाबत उभा. म्हणे, "मला ताडपत्रीचीच बरी. दाजींना द्या. बावीस वर्सं झाली त्यांची. नाकालाबी इसावा पायजे की."

शेवटी शेठने वैतागून किल्ली माझ्या हातात दिली.

मिळाली! काटा बघितला. चार डिग्री. किती सुंदर आकडा आहे! घरी येऊन सविताला सांगितलं तर तिने देवापुढे साखर ठेवली आणि डोळे पुसले. म्हणालो, अगं गाडी मिळाली, रडतेस काय? आणि त्या बिभीषणसारखा मूर्ख मी पाहिला नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, "उद्या भाऊबीजेला येनार हाय तो. नीट बोला."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बिभीषणला ओवाळलं. त्याने खिशात हात घातला, तर सविता म्हणाली, "ऱ्हाऊ दे दादा. मागल्या भाऊबीजेला मागितलेली ओवाळणी तू वर्सभर घालतोयस." मी विचारलं, कसली? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागल्या दिवाळीत मी अबोली माळली हुती. तुमी बूट घालता घालता म्हणालात, काय वास सुटलाय!"

अबोली! बावीस वर्षं फुलं वाहतोय मी. अबोलीला वास नसतो.

"त्याच दिवशी दादाला म्हणलं, मला साडी नको. ह्यांच्या गाडीचा वास तेवढा घेत जा. आन् ह्यांना कळू देऊ नको."

बिभीषण खाली मान घालून करंजी खात होता. त्याच्या अंगात तोच शर्ट होता, घाटातला. कॉलर शिवून घेतली होती.