छत्रीवाल्यांचं हेरिटेज

५ जानेवारी
नवी डायरी, नवं पेन. आजपासून रोज लिहिणार. उद्या कुणी घराचा इतिहास लिहायला घेतला तर त्याला साधनं नकोत?

पालिकेने आपलं घर हेरिटेजच्या यादीत घातलं त्याला दोन वर्षं झाली. माणूस येऊन दारापाशी पितळी पाटी बसवून गेला. मी ती रोज पुसतो. आता यादीतल्या घरांना दुरुस्तीसाठी अनुदान मिळणार आहे. अर्ज आणला. ऑफिसात बोलता बोलता सांगितलं, तर सेक्शनमधले म्हणाले, छत्रीवाल्याला लॉटरी लागली. दुर्लक्ष केलं.

६ जानेवारी
छत्रीवाला का, ते एकदाचं लिहून टाकतो म्हणजे विषय संपला. आजोबा छत्र्या दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर घर. जाहिरात म्हणून त्यांनी दर्शनी भिंतीवर चुन्यात एक भलीमोठी उघडी छत्री उठावात घडवली आणि तिच्याखाली हसणारा मिशाळ माणूस. बाबा तेव्हा लहान होते. त्या माणसाच्या मिशा आपण बोटांनी वळल्या, असं ते येईल त्याला सांगतात. गॅसवाल्यालासुद्धा सांगून झालंय.

गल्लीतला प्रत्येक पत्ता त्या छत्रीवरून. छत्रीच्या समोर, छत्रीच्या मागे, छत्रीपासून तिसरं दार. शाळेत मला माझ्या नावाने हाक मारणारा एकही मुलगा नव्हता.

बाकी घर भारदस्त आहे. दारात दोन खांब आहेत. पालिकेच्या नजरेत भरले ते खांबच.

९ जानेवारी
अर्ज भरला. ‘घराचं वैशिष्ट्य’ या रकान्यात दोन ओळींची जागा. हसू आलं. वेगळे कागद जोडले. बरंचसं खांबांवर, थोडं घराण्यावर. छत्रीचा उल्लेख शिताफीने टाळला.

तळाशी ठळक नियम: मंजुरीपूर्वी कोणतंही काम सुरू केल्यास अनुदान मिळणार नाही. पाठ केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी पुष्कळ काही होतं, पण चष्मा वरच्या मजल्यावर होता.

१७ जानेवारी
हिचं म्हणणं, बाबांच्या खोलीतली तुळई आणखी खाली आली. ती गेली कित्येक वर्षं खाली येतेच आहे. तरी घरात शांतता हवी म्हणून सुतार आणला. त्याने तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. वाळवी. म्हणाला, आजच टेकू लावा. मी त्याला नियम ऐकवला. तो म्हणाला, टेकू म्हणजे काम कुठे, टेकू म्हणजे टेकू.

सरकारी भाषा या लोकांच्या डोक्यावरून जाते. चहा पाजून वाटेला लावला. बाबांचा पलंग थोडा भिंतीकडे सरकवला. तुळई तिथेही आहेच म्हणा.

२ फेब्रुवारी
हिने आज आवाज चढवला. म्हणे, अनुदान यायचं तेव्हा येईल, म्हातारा माणूस आज त्या लाकडाखाली झोपतोय. मी शांतपणे समजावलं की एवढ्यातेवढ्यासाठी अख्खं अनुदान हातचं घालवणं परवडणार नाही. त्यावर ती म्हणाली, मग तुम्ही बसा तुमचे खांब कवटाळून. आणि बाबांना घेऊन बहिणीकडे गेली. बाबांनी एका शब्दाने विरोध केला नाही. मला वाटलं होतं करतील.

निघताना दारातून वर बघत मला म्हणाले, छत्रीवर फार धूळ बसलीय रे, जरा साफ करून घे. हो म्हटलं.

घर कसं शांत झालं. आता निवांत विचार करता येईल.

८ फेब्रुवारी
दुपारी बाबांच्या खोलीतून करकर ऐकू येते. दार ओढून घेतलं की कमी येते. मी स्वयंपाकघरात अंथरूण टाकलंय. घाबरून नव्हे. तिथे पाणी जवळ पडतं.

संकल्प: रोज एक तास फिरणे. हिला स्वतःहून फोन करणार नाही.

११ फेब्रुवारी
फोन केला. हिने विचारलं, टेकू लावला का. मी अर्जाची प्रगती सांगितली. तिने ठेवून दिला. फिरायला गेलो नाही, पायात गोळा आला होता.

२० फेब्रुवारी
ऑफिसातून आलो तर बाबांच्या खोलीचं दार आतून अडल्यासारखं. ढकलून उघडलं. तुळईचा हाताएवढा ढलपा पलंगावर पडला होता, आणि टोपलीभर माती. बरोब्बर उशी असते तिथे.

बराच वेळ दारातच उभा राहिलो. चार वाजता चहा झाला नव्हता, त्यामुळे असेल.

मग फोटो काढले. अर्जाला जोडता येतील, केस भक्कम होते. हिला कळवलं नाही, ती कशाचाही विपर्यास करते. बाबांना मात्र फोन केला. तिकडे उशी बरी आहे का, असं विचारलं. ते म्हणाले, उशीचं काय मध्येच? म्हटलं, सहज. ठेवला.

३ मार्च
पालिकेतून फोन. एकवीस तारखेला हेरिटेज विभागाच्या बाई इन्स्पेक्शनला येणार. मी काय म्हणत होतो? धीर धरला की सगळं होतं.

घर जरा नीटनेटकं दिसलं पाहिजे. पाहुणे यायचे तर आपण पसारा आवरतो, गादीवर धुतलेली चादर घालतो. दर्शनी भिंतीला रंग देणं हे त्यातलंच. हे काम नव्हे, ही आवराआवर. नियमाला कुठेही धक्का लागत नाही. दोनदा तपासून पाहिलं.

१० मार्च
गवंडी आला, बांबू बांधले. प्रश्न छत्रीचा. बाई येणार, गाडीतून उतरणार, खांब बघणार आणि मान वर करतात तो काय, मिशाळ माणूस दात काढून हसतोय. घराण्याची काय शोभा राहील?

बाबांनीच साफ करायला सांगितलं होतं. नुसती धूळ की सगळंच, याचा त्यांनी खुलासा केला नव्हता.

गवंड्याने दोनदा विचारलं, नक्की काढायची ना? दुसऱ्यांदा तर खाली उतरून विचारलं. मी म्हटलं, मालक मी आहे.

१२ मार्च
काढली. सहजासहजी निघेना. या घरातली प्रत्येक गोष्ट हात लावला की हातात येते, ही मात्र छिन्नी घातली तरी भिंत सोडत नव्हती. खाली गल्लीतले लोक जमले. कौतुकाने बघत असावेत.

एक मिशी अख्खी निघाली. गवंड्याने ती आणून माझ्या हातात दिली. चुन्यात लहान मुलाच्या बोटांचे ठसे आहेत. कागदात गुंडाळून कपाटावर ठेवली. कशाला ठेवली कोण जाणे.

सिमेंटचा गुळगुळीत गिलावा झाला. वर क्रीम कलर देणार. बँकेसारखी दिसेल भिंत.

१६ मार्च
दूधवाला आज पुढे निघून गेला. पार्सल शेजारच्या गल्लीत फिरून परत गेलं. म्हणजे घर ओळखू येत नाही इतकं सुधारलंय. पुढे लोक खांबांवरून पत्ते सांगतील. सवय व्हायला वेळ लागतो.

२१ मार्च
इन्स्पेक्शन झालं. आठवतं तेवढं सविस्तर लिहितो.

बाई आल्या. दारात मी, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी मलाच विचारलं, छत्रीचं घर कुठलं हो? म्हटलं, हेच. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग फाइलमधून मोठा फोटो काढला आणि फोटोकडे पाहिलं. मग पुन्हा भिंतीकडे. फोटोत छत्री होती. छत्रीच होती फक्त, खांब कडेला अर्धे कापले गेले होते.

त्या म्हणाल्या, दुकानदाराने स्वतः घडवलेली अशी निशाणी पालिकेच्या यादीत ही एकच होती. घर यादीत आलं ते तिच्यामुळे. मी खांबांचा विषय काढला. त्यांनी बोटाने एकावर टकटक केलं. आवाज पोकळ आला. म्हणाल्या, हे मागाहून बसवलेले दिसतात, आम्ही तुम्हाला काढायलाच सांगणार होतो.

मग आत नेलं. बाबांच्या खोलीत त्या उंबऱ्याच्या आत आल्याच नाहीत. इथे कोण झोपतं, विचारलं. वडील, म्हटलं, सध्या बाहेरगावी आहेत. टेकू का नाही लावला? मी नियम म्हणून दाखवला, अगदी शब्दशः. त्यांनी अर्ज उलटा करून माझ्यापुढे धरला. धोका असेल तिथे मालकाने लगेच टेकू लावावा, त्याचा खर्चही पालिका देईल, असं मागे छापलं होतं. या वेळी चष्मा खिशात होता.

चहा घेतला नाही. घाईत होत्या. एकंदरीत भेट खेळीमेळीत झाली. निर्णय राखून ठेवलाय असं मी धरून चालतो.

३ एप्रिल
पालिकेचा माणूस आला. पाटीचे स्क्रू काढले. मी म्हटलं, पाटी राहू द्या, आठवण म्हणून. तो म्हणाला, मोजून परत द्यायच्या असतात. नव्या रंगात चार भोकं राहिली.

जे होतं ते बऱ्यासाठी. आता कुणाची परवानगी नको, फायली नकोत. आपल्या मनाला येईल ते करू. काय करू, ते उद्या ठरवू. जेवण गेलं नाही.

४ एप्रिल
सुताराला बोलावलं. त्याने बाबांच्या खोलीत टेकू लावले आणि गेला. काही बोलला असता तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

इतकंच काम होतं. चहा उकळायच्या आत झालं.

६ एप्रिल
हिला फोन केला. टेकू लागले, सुरक्षित आहे, या. भिंतीबद्दल बोललो नाही, सरप्राइज राहू दे. बाबांना कधी एकदा घरी येतो असं झालंय म्हणे. रविवारी टॅक्सीने एकटेच येणार. ही सोबत यायला निघाली तर म्हणाले, मला माझं घर शोधायला माणूस कशाला हवं?

संकल्प: आल्या आल्या सगळं नीट समजावून सांगायचं. सुरुवात रंगाच्या क्वालिटीपासून.

९ एप्रिल
सकाळपासून गॅलरीत होतो. अकराच्या सुमाराला टॅक्सी गल्लीत वळली. बाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून बसले होते. दारांकडे बघतच नव्हते. त्यांचं सगळं लक्ष वर, भिंतींवर.

टॅक्सी आपल्या दारासमोरून गेली. टोकाला जाऊन वळली, हळूहळू परत आली. मी हात हलवला. हाक मारायची होती, पण भर गल्लीत ओरडणं बरं दिसलं नसतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मला तसं वाटलं, आणि मान पुढच्या घराकडे वळवली. जिना उतरून दारात आलो तोवर टॅक्सी गेली होती.

दुपारी हिचा फोन. बाबा परत आले. म्हणतात, ड्रायव्हरने भलत्याच गल्लीत नेलं. न जेवता भिंतीकडे तोंड करून पडलेत. तिने विचारलं, छत्री आहे ना जागेवर? मी सांगितलं. तिने फोन ठेवला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१० एप्रिल
ऑफिसला गेलो नाही. कपाटावरून मिशी काढली. त्या ठशांत माझं बोट जात नाही.

चौकशी करून चुन्याचं जुनं काम जाणणाऱ्या एका गवंड्याचा नंबर मिळवला. फोन केला. म्हणाला, छत्री होईल, पण नमुना लागेल. म्हटलं, एक मिशी आहे. आणि मूळ मिशा वळणारे अजून आहेत, त्यांना विचारता येईल. ते बोलले तर. बरं, म्हणाला, पत्ता सांगा. मी गल्ली सांगितली. तो म्हणाला, तिथली घरं सगळी सारखीच, तुमच्या घराची खूण काय?

खांब म्हणणार होतो, म्हणवलं नाही. शेवटी म्हटलं, तुम्ही चौकात या, मी घ्यायला येतो.