घोड्यांचं झालं का?

मांजरी बुद्रुक, पुणे
११ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

नमस्कार. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत: आबासाहेब, मी आणि मैना घोडी. तुझा गुडघा कसा आहे? इकडे थंडी चांगली पडली आहे. आबासाहेबांना मी लोकरीची टोपी घालतो, ते ती फेकतात, मी पुन्हा घालतो.

काल तुझा सौरभ येऊन गेला. पोरगा गुणी आहे. आधी चहा घेतला, मग धमकी दिली. रविवारी तू आबासाहेबांना न्यायला ॲम्ब्युलन्स घेऊन येणार आणि मी अडवलं तर पोलिसांत जाणार, असा निरोप होता. जाताना त्याने तुझा एक प्रश्नही विचारला: निदान तुला तरी ते ओळखतात का? त्याला मी हो म्हणालो. त्याबद्दल पुढे लिहितो.

फोनवर आपलं दोन वाक्यांत भांडण होतं, म्हणून हे पत्र. तुला न विचारता मी त्यांना हॉस्पिटलमधून आणलं. डिस्चार्जच्या कागदावर सही केली, कारण मीही मुलगाच आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा आणीन.

कोथरूडला तू त्यांचं काही कमी केलंस असं मी म्हणत नाही. स्वच्छ खोली, दिवसरात्र बाई, खिडकीतून टेकडी. पण ते जेवेनात. ताट समोर आलं की विचारायचे, "घोड्यांचं झालं का?" तू खरं तेच सांगायचीस, की आबा, आता कुठले घोडे. ते ताट सरकवायचे. मग डॉक्टर, मग नाकातून नळी, आणि नळी उपसू नये म्हणून पलंगाला बांधलेली मनगटं. तू रडत होकार दिलास हे मला माहीत आहे.

तू पाचगणीला बोर्डिंगात होतीस, सुट्टीपुरती यायचीस. मी गावातल्या शाळेत, त्यामुळे मी हे रोज पाहिलं. घोडदळातून कर्नल होऊन परत आल्यावर त्यांनी पलटणीचा नियम उसाच्या शेतावर आणला. आधी जनावर, मग माणसं, शेवटी अधिकारी. बैलांनी पाणी प्यायल्याशिवाय गडी बसायचे नाहीत, आणि गडी जेवल्याशिवाय त्यांचं स्वतःचं ताट वाढलं जायचं नाही. आई डबा घेऊन बांधावर उभी असायची. तुझ्याच लग्नात व्याही भरल्या ताटावर खोळंबले होते, कारण वरातीच्या घोड्याला हरभऱ्याची चंदी मिळाली नव्हती. तुझ्या सासूबाईंनी ते पुढे किती वर्षं ऐकवलं, ते तूच सांगायचीस.

पलटणीपासून त्यांचे घोडे सांभाळणारा मोतद्दार कादर रोज दारात येऊन सांगायचा, घोड्यांचं झालं सरकार, माणसांचं झालं. मग आबासाहेब हात धुवायला उठायचे. कादर गेला, मागोमाग तबेलाही रिकामा झाला. एक मैना तेवढी राहिली.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी मलाही तेच विचारलं. माझ्या तोंडून कादरचं उत्तर गेलं. कसं गेलं ते मला सांगता येणार नाही. अक्का, त्यांनी बांधलेले हात उचलायला पाहिलं. हात धुवायचे होते त्यांना. त्यानंतर मी कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो.

इथे मैना त्यांच्यासमोर हौदावर पाणी पिते. मी त्यांच्यासमोर उभ्याने भाकरी खातो. मग ते जेवतात. भाकरी, मेथी, वर वाटीभर ताक. नळी लागत नाही.

आणखी एक. सौरभने पाहिलंच आहे, तेव्हा लपवत नाही. रोज सकाळी मी त्यांना मैनेवर बसवतो. ओट्यावरून चढवतो, एका हाताने लगाम, दुसऱ्याने त्यांची मांडी धरून कालव्यापर्यंत जातो. खाली असताना पाठीत वाकलेला माणूस वर बसला की ताठ होतो. शेजारच्या नव्या सोसायटीचे चेअरमन फाटकाशी येऊन म्हणाले, या वयात हे शोभतं का? मी म्हटलं, बाल्कनीतून फुकट दिसतंय, आवडत नसेल तर पडदा लावा.

देवघरात आपल्या खंडोबाचा टाक आहे. देवही घोड्यावरच आहे आणि त्याचं वय कोणी विचारत नाही. रोज भंडारा वाहताना मी एवढंच म्हणतो, सांभाळ. डॉक्टर म्हणतात पडले तर संपलं. पडतीलही. त्याचा दोष माझ्यावर लिहून ठेव, मी नाकारणार नाही. पण त्यांची मनगटं पुन्हा कोणी बांधणार नाही.

आता तुझा प्रश्न. नाही, ते मला ओळखत नाहीत. सौरभला मी खोटं सांगितलं.

ते मला कादर म्हणतात. पहिल्या दिवशी मैना पाणी प्यायली, मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं, तर त्यांनी हात आखडता घेतला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"कादर, तू खाल्लंस?"

जनावर, माणसं, अधिकारी. या रांगेत आपण दोघं कुठे होतो, ते मला लहानपणी कधी कळलं नाही. शाळेतून आल्यावर त्यांनी मला पाढे विचारले, बूट पुसलेत का विचारलं. जेवलास का, हे कधी विचारलं नाही. आता रोज दोन वेळा विचारतात, आणि मी खाईपर्यंत घासाला हात लावत नाहीत. हे सोडून मी त्यांना तुझ्या ॲम्ब्युलन्समध्ये बसवीन असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखलं नाहीस.

रविवारी जरूर ये. फाटक उघडं असेल. येताना मैनेसाठी लसूणघासाची पेंढी आण, ती तुझ्या हाताने टाक. मग माझ्याबरोबर उभ्याने भाकरी खा, त्यांच्यासमोर. तुझं खाऊन झालं की त्यांना तू भरव. त्यानंतरही न्यावंसं वाटलं तर त्यांना घोड्यावरून उतरायचा हुकूम तूच दे. मी देणार नाही.

आणि मला सर्जेराव म्हणून हाक मारू नकोस. कोणी पाहुणा आला असं वाटून ते कोटाची बटणं लावायला घेतात, आणि जेवण तसंच राहतं.

आबासाहेबांचा कादर,
तुझा धाकटा भाऊ