रुक्माबाईचा हात

फुलचूर, गोंदिया

प्रिय आईस,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिली. धाकट्या पिंकीकडून वाचून घे. गुडघे कसे आहेत? गोळ्या संपल्या तर नाहीत ना?

पौर्णिमेला आली नाही म्हणून रागावू नको. होस्टेलच्या मेसमध्ये माझ्यासोबत पोळ्या करणाऱ्या रुक्माबाईचा हात तेलानं भाजला. ठेकेदाराला कळलं असतं तर त्यानं तिला काढलंच असतं. म्हणून तिच्या वाटची कणीकही मीच मळत होती. खांदे थोडे दुखतात, मलम लावते. काळजी करू नको.

काल ठेकेदार अचानक स्वयंपाकघरात आला. तिची पट्टी पाहून म्हणाला, "फिर तेरा काम कौन कर रहा है?"

मी काही बोलायच्या आधीच भाजी चिरणारी दुर्गेश्वरी उठली. ती माझ्याशी कधी धड बोललीही नव्हती. म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी वाटून घेतलं, साहेब. जेवणाला कधी उशीर झाला का?"

तो निघून गेला. ती खोटंच बोलली होती, पण आज सकाळी तिनं माझ्या हातातली परात ओढून घेतली. "आता घरी जाऊन ये. मरून जाशील अशानं."

रुक्माबाई रडली. मला रडूही आलं नाही, इतकी थकली आहे.

शनिवारी येते. कोणाला जेवायला बोलावू नको. मी झोपली की उठवू नको.

तुझी,
अल्का