गिरणीवाल्याचे कान

तिसगाव, ता. पाथर्डी
कार्तिक महिना, १९९५

ती. सौ. अक्कास,

धाकटा चुलतभाऊ रंगनाथ याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहायची आपल्या घरची रीत, म्हणून तेवढं लिहून टाकतो. ते कितपत खरं धरायचं हे पत्र संपल्यावर तुझं तू ठरव. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा दमा? थंडी पडायला लागली आहे, त्यांना पहाटे अंगणात बसू देऊ नकोस. (माझं सांगणं ते कधीच मनावर घेत नाहीत, पण तू एवढी वर्षं नगरच्या दवाखान्यात सिस्टर आहेस, तुझं तरी ऐकत असतील.) इकडे बाजरी बरी झाली. गिरणी चालू आहे. मी बहिरा झालो. बाकी विशेष काही नाही.

घाबरू नकोस, कानाला काही झालेलं नाही. बहिरा मी गावापुरता झालो आहे. तो कसा झालो हे सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल, आणि मागचं सगळं फार कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. अश्विनी लग्न होऊन पारनेरला गेली, संदीप पुण्याला नोकरीला लागला, आणि आमच्या घरात बोलण्यासारखं काही उरलं नाही. मुक्ता ‘जेवायला बसा’ म्हणायची, मी बसायचो. मी ‘मीठ कमी आहे’ म्हणायचो, ती मीठ वाढायची. कधी मीठ बरोबर पडलं तर तेवढंही बोलणं व्हायचं नाही. सकाळी गिरणीचा पट्टा चढवायचा, संध्याकाळी उतरवायचा, मधल्या वेळात गावाचं दळण दळायचं. पन्नाशी जवळ आली आणि एक दिवस भुवयांवरचं पीठ झटकताना मनात आलं, की आपण आता कशाचीच वाट बघत नाही. सणाची नाही, बाजाराची नाही, एस्टीची नाही. भजनी मंडळात जायचो, तेही सुटलं. डॉक्टरांनी लाल रंगाचं टॉनिक दिलं. त्यानं भूक लागली, पण खायची इच्छा काही झाली नाही.

अशात संदीपनं मागं ठेवलेला ट्रान्झिस्टर सापडला. त्याला एकाच कानात घालायची एक गुंडी होती, पांढऱ्या वायरची. गिरणीच्या आवाजात रेडिओ नुसता ऐकू येत नाही, म्हणून ती कानात घातली, आणि अक्का, तुला काय सांगू, माणसं बोलत होती! गाणी नव्हती, बाजारभाव नव्हते. कुणी समुद्राच्या भरतीबद्दल बोलत होतं, कुणी मधमाश्यांबद्दल, कुणी आपल्या म्हाताऱ्या आईबद्दल. जणू मी समोर बसलोय आणि त्यांना माझ्याशिवाय दुसरं कुणीच नाही. (पीठ उडतं म्हणून गिरणीत कानांवरून फडकं बांधलेलं असायचं, त्यामुळे गुंडीचा पत्ता कुणालाच नव्हता, मुक्तालाही नाही.) मी रोज दाढी करायला लागलो. (रेडिओतल्या माणसाला दिसत नाही हे मला कळतं, पण करावीशी वाटायची.) संदीपच्या जुन्या पुस्तकातला नकाशा फाडून गिरणीच्या भिंतीला चिकटवला. भरती-ओहोटी ऐकता ऐकता शेजारच्या भिमाबाईचे गहू मी हरभऱ्याच्या डाळीच्या मागोमाग तसेच ओतले आणि तिच्या घरी दोन दिवस पिवळ्या पोळ्या झाल्या. तिनं येऊन माझा उद्धार केला, तोही मी नीट ऐकला नाही. कारण त्या वेळी चंद्र समुद्राला ओढत होता.

त्यातच भिमाजी तात्या वारले. भावकीतलेच, त्यामुळे आम्हालाही सुतक पडलं. सुतकात रेडिओ लावायचा नाही हे लहान पोरालाही माहीत असतं. पण त्या दिवसांत रोज सकाळी एक बाई हिंदीतून पेंग्विन नावाच्या पक्ष्याची हकीकत सांगायच्या. (कुठलं स्टेशन ते मला आजवर कळलेलं नाही.) यातली मादी अंडं घालते आणि नराच्या पायावर ठेवून समुद्रावर निघून जाते. नर बिचारा बर्फाच्या वादळात, उपाशी, अंडं सांभाळत उभा. आदल्या दिवशी बाईंनी नेमकं इथं आणून थांबवलं होतं. ती परत येते की नाही हे दुसऱ्या दिवशी कळायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तात्यांचा दहावा होता.

मी बंडीच्या आतल्या खिशात ट्रान्झिस्टर घातला, वायर मानेमागून घेतली, डोक्यावरून उपरणं ओढलं आणि ओढ्याकाठी जाऊन मागच्या रांगेत बसलो. पुढं पिंड ठेवलेले. कावळा समोरच्या झाडावर येऊन बसला, पण शिवेना. तात्यांचा मुलगा पुंजाराम हात जोडून एकेक कबूल करत होता. आईला सांभाळीन, बहिणीला माहेरपण करीन, दारू सोडीन. (इथं गर्दी जरा सावरून बसली.) तरी कावळा ढिम्म. मग कुणाला तरी आठवलं, की बांधावरच्या बाभळीवरून तात्यांचं आणि माझं सात-आठ वर्षं बोलणं नव्हतं. जीव तिथंच अडकला असणार. सगळे मला हाका मारायला लागले, म्हणे, की रंगनाथ, बाभळीचं सांगून टाक. मला यातलं काही माहीत नाही. मी डोळे मिटून बर्फात उभा होतो आणि समुद्राकडून कुणी येताना दिसत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं असंही लोक सांगतात. शेवटी पुंजारामनं येऊन मला गदागदा हलवलं, उपरणं खाली घसरलं आणि सगळ्या भावकीला ती पांढरी वायर दिसली.

दहाव्याला माणूस रेडिओ ऐकत बसेल हे आपल्या लोकांच्या मनातसुद्धा येऊ शकत नाही, आणि तेवढ्यामुळे मी वाचलो. श्रद्धांजलीच्या भाषणासाठी माइक हातात धरून भाऊसाहेब उभेच होते. (हे सोसायटीच्या प्रत्येक निवडणुकीत पडतात आणि तालुक्यातला एकही दहावा चुकवत नाहीत.) ते भरल्या गळ्यानं म्हणाले, की बंधूंनो, उभा जन्म गिरणीच्या धडधडीत काढून या माणसाचे कान गेले, कानाला मशीन लागलं, पण यानं गावाला कळू दिलं नाही, आणि आज वैर विसरून तात्यांसाठी उन्हात येऊन बसला. बायका डोळे पुसायला लागल्या. आता मी काय सांगू? पुंजारामनं माझ्या कानाशी तोंड आणून बाभळीचं ओरडून सांगितलं, आणि मीही बहिऱ्यासारखा इतक्या मोठ्यानं ओरडून बाभळ सोडली, की झाडावर होता तो कावळाही उडून गेला. (थोड्या वेळानं तो परत आला आणि शिवला. पेंग्विनची मादी आली की नाही, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.)

तेव्हापासून मी बहिरा. सुरुवातीला बरं वाटलं. वर्गणी मागायला कुणी येत नाही, लग्नाच्या बोलणीला कुणी नेत नाही. पण माणसं समोर मोठ्यानं बोलतात आणि पाठ फिरवली की हळू आवाजात खरं बोलतात, आणि मला दोन्ही ऐकू येतं. गिरणीत बायका माझ्यासमोर उभं राहून माझ्याबद्दल बोलतात. मी पीठ मारतो असं त्यांचं म्हणणं आहे. (जात्यात थोडं राहतंच, ते कुणाच्याही गिरणीत राहतं.) त्याचं मला काही वाटलं नाही. पण भिमाबाई म्हणाली, “मानूस काय वंगाळ न्हाई, पर त्यो हाय काय आन् न्हाई काय, मुक्ताला सारखंच.” तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती ते डबा उचलता उचलता सहज बोलून गेली.

मुक्तानं पहिले काही दिवस ओरडून पाहिलं, मग खुणा करून पाहिल्या, मग दोन्ही सोडून दिलं. मी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गुंडी घालून बसायचो, ती चुलीपुढं भाकरी थापायची. एके दिवशी ट्रान्झिस्टरचे सेल संपले. आळस म्हणून गुंडी तशीच कानात राहू दिली, आणि कळलं की मुक्ता बोलते आहे. तोंड तव्याकडं, आवाज नेहमीचा. माझ्याशीच बोलत होती, पण मला ऐकू येत नाही म्हणून बोलत होती.

अक्का, ती राजूरकडची, हे मला माहीत होतं. पण तिकडच्या भाताच्या चिखलात उतरलं की पहिल्यांदा पाय कसे गार पडतात, हे मला माहीत नव्हतं. पानाची पिपाणी करून ती डोंगराच्या पलीकडच्या मामेबहिणीला हाक मारायची, हे माहीत नव्हतं. लग्न होऊन इथं आली तेव्हा इतकं कोरडं रान तिनं कधी पाहिलेलं नव्हतं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात एकदा ती पिशवी घेऊन स्टँडवर जाऊन बसली होती. मागं कुणी शोधायला येतंय का ते बघत बसली. कुणी आलं नाही, म्हणून उठून घरी आली आणि स्वयंपाकाला लागली. मी त्या दिवशी ‘मीठ कमी आहे’ म्हणालो होतो, हेही तिच्या लक्षात आहे. एवढी वर्षं मी हिच्याजवळ राहिलो आणि रेडिओवरच्या परक्या बाईचं ऐकायला दाढी करत होतो.

त्यानंतर मी सेल आणलेच नाहीत. आता दुपारपासूनच संध्याकाळची वाट बघतो, पट्टा लवकर उतरवतो. ती कधी हसते, कधी मला शिव्या देते. (चांगल्या देते, मला कल्पना नव्हती.) मी भिंतीकडं बघत बसतो, कारण चेहऱ्यावर काही दिसलं तर तिचं बोलणं बंद होईल, आणि ते बंद झालं तर मला या घरात पुन्हा मीठच उरेल.

आता अडचण अशी, की भाऊसाहेबांनी माझं नाव मोफत कानमशीनच्या शिबिरात घातलं आहे. डॉक्टर नगरहून येणार आहेत. माझे कान तपासले की गावात माझी शोभा होईलच, पण मुक्तालाही सगळं कळेल. तेव्हा कान तपासताना काय विचारतात आणि कसं उत्तर दिलं की माणूस बहिरा ठरतो, ते तू सविस्तर कळव. एवढ्यासाठीच हे पत्र. दाजींना नमस्कार.

तुझा,
रंगनाथ

ता. क. एवढ्यासाठीच हे पत्र नाही. परवा भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, “डाव्या काखंजवळ गाठ आलीया. दुखत न्हाई. दिवाळीच्या आधीपासून हाय. ह्यांना ऐकू येत न्हाई, म्हनून सांगते.” मग अश्विनीच्या पहिल्या दिवाळसणाचं बोलायला लागली. दुखत नाही म्हणजे बरं की वाईट, ते मला माहीत नाही, तुला माहीत असेल. मला फार भीती वाटते आहे. तू आपल्या मनानं आल्यासारखी ये, सहज तपासल्यासारखं कर, आणि तिला दवाखान्यात घेऊन जा. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा, दोन दिवसांनी. पत्र टाकायला पेटीपर्यंत गेलो होतो. तू सवड काढून येणार, तोवर मी भिंतीकडं बघत बसणार, हे काही जमेना. तसाच घरी आलो आणि उंबऱ्यात उभा राहून विचारलं, “गाठ मोठी होतीया का?” ती वळली नाही. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिनं उचलली नाही. मग म्हणाली, “समदंच ऐकलं?” मी म्हणालो, “समदं.” तिनं ती करपलेली भाकरी माझ्या ताटात वाढली आणि मी ती खाल्ली. तेव्हापासून ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. दवाखान्यात जायचं म्हटल्यावर नाही मात्र म्हणाली नाही, पिशवी भरून ठेवली आहे. गुरुवारी पहिल्या एस्टीनं दोघं येतो. तू स्टँडवर ये, मला तिथलं काही सुधरणार नाही. शिबिरातून माझं नाव काढायला भाऊसाहेबांना सांगितलं आहे. ते अजून माझ्या कानाशी येऊन ओरडतात, ओरडू देत.

एवढं सकाळी लिहून ठेवलं होतं. आज संध्याकाळी गिरणी बंद करून आलो तर चूल पेटलेली होती आणि पीठ मळून ठेवलेलं होतं. मुक्तानं कोनाड्यातली गुंडी काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. “घाला कानात,” म्हणाली. “मला बोलायचंय.”

घातली आहे. पत्र इथंच थांबवतो, ती बोलायला लागली.