टाचणीएवढी खूण

रविवार, ९ जून

नमस्कार. मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नुसताच नमस्कार. आम्ही दोघी मजेत. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे.

तुमचं पत्र आणि तुम्हा मायलेकींचा फोटो मिळून बरेच दिवस झाले. "बाबा गेल्यावर कळलं, मला मोठी बहीण आहे. एकदा त्यांचं घर बघायला येऊ का?" आणि खाली, तुमचं नाक अगदी बाबांचं आहे म्हणून. खरं सांगू? मला रागच आला. नाकं काय, गल्लीत ढिगानं सापडतात!

माझं कामच असलं. संग्रहालयात टाचणीला टोचलेले किडे बघून कोण कुणाच्या घरचं ते ठरवायचं. पाय सहा सगळ्यांनाच, त्यावरून नातं ठरत नाही. रंगावरही भुलायचं नाही. आमच्याकडे एक माशी आहे, मधमाशीचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून मिरवते. पण पंख मोजले की सोंग उघडं पडतं. मधमाशीला चार, हिला दोनच, आणि मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गुंड्या. तशाच गुंड्या डासाला. म्हणजे बाई डासाच्या गोतातल्या! अशी आडवळणाची खूण दोघांत सापडली, तरच मी मानते.

तुमचाही सदराच असणार, असं ठरवून मी फोटो ड्रॉवरमध्ये ढकलला.

काल चष्मा शोधताना तो फोटो आईच्या हाती लागला. मी घाबरले. बाबांचं दुसरं घर हा विषय आमच्याकडे निघतच नाही. तिनं माझं भिंग मागून घेतलं आणि तुमच्या मुलीच्या घट्ट वेण्यांपाशी धरलं. "कानापुढे बघ," म्हणाली.

कानापुढे, गालाच्या कडेला, टाचणी टोचल्यासारखं भोक. बाबांना होतं. मला आहे. बाबा म्हणायचे, "आपण हरवू नये म्हणून देवानं टाचणी लावून ठेवलीय."

तुझ्या केसांखालीही आहे का गं?

मी रडले. आईनं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्यांच्यावरचा राग त्यांच्यावर. हिनं काय केलंय? ये म्हणावं."

तेव्हा ये. बाबांची खुर्ची खिडकीशी तशीच आहे. आणि आईनं बजावलंय, पोरीला वेण्या घालूनच आण, कान दिसले पाहिजेत.

मायना आता सुचला. वर जागा उरली नाही, म्हणून इथेच लिहिते:

प्रिय धाकटीला,
ताईकडून.